बेटावर नवी मेंढरं आणताना परजीवी कसे रोखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेटलंड, ऑर्कनी, लुइस, हॅरिस, युइस्ट ही स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडची बेटं. तिथली बरीच शेतं लहान आहेत आणि डोंगराचं रान बहुधा गावाच्या सामाईक चराईचं. बऱ्याच घरांच्या उत्पन्नाचा मोठा आधार मेंढरांचा. पुढचे प्रश्न पशुवैद्यकाचे विद्यार्थी, कामानिमित्त तिकडे गेलेली मराठी मंडळी आणि आपल्याकडचे मेंढपाळ सातत्याने पाठवतात. उत्तरं तिथल्या पद्धतीनुसार दिली आहेत. औषधाचा डोस मात्र कुठेही असलात तरी तुमच्या पशुवैद्यालाच विचारून ठरवा.

१. बेटाच्या चारी बाजूंना समुद्र आहे, मग परजीवी येतातच कुठून?

मेंढराबरोबर, बोटीतून. खरजेचे किडे लोकरीत बसून येतात, जंत आतड्यात आणि चपटे कृमी यकृतात. अ‍ॅबरडीनहून लेरविकला जायला एक रात्र लागते, अलापूलहून स्टॉर्नोवेला अडीच-तीन तास. एवढ्या प्रवासात यातलं काहीच मरत नाही.

ब्रिटन हे स्वतःच एक बेट, आणि त्याचाच इतिहास इथे बोलका आहे. सक्तीची डुबकी (मेंढी औषधी पाण्याच्या हौदात बुडवणं) आणि कडक तपासणी यांच्या जोरावर १९५२ साली तिथून मेंढ्यांची खरूज नाहीशी झाली. १९७३ साली ती परत आली. पुन्हा सक्ती झाली, ती १९९२ मध्ये उठली, आणि त्यानंतर खरूज देशभर पसरली. आज मुख्य भूमीवरून मेंढरू विकत घेणाऱ्या बेटकऱ्याला ही शक्यता धरूनच चालावं लागतं.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. फक्त विकत घेतलेलं मेंढरू ‘नवं’ नसतं. हिवाळ्यात चरायला मुख्य भूमीवर पाठवलेल्या तरुण मेंढ्या, भाड्याने आणलेला एडका, प्रदर्शनाला नेऊन परत आणलेलं जनावर, बाजारात न विकल्यामुळे माघारी आलेली कोकरं, ही सगळी या नियमांपुरती नवीच धरायची.

२. नेमकी कोणाकोणाची भीती धरायची?

क्रमाने सांगायचं तर खरूज, औषधाला दाद न देणारे गोल जंत, यकृतातले चपटे कृमी म्हणजे लिव्हर फ्लूक, आणि मग उवा, गोचीड व लोकरीत राहणारी बिनपंखी माशी (केड). पहिली तिन्ही बेटाची घडी विसकटू शकतात, म्हणून त्यांच्यावर या पानावर जास्त लिहिलं आहे. कुत्र्यामार्फत येणाऱ्या पट्टकृमींसाठी प्रश्न १३ पाहा.

३. मेंढरं बोटीतून उतरली. पहिल्या दिवशी काय करायचं?

गायरानात सोडू नका, आपल्या जुन्या कळपातही नाही. ट्रेलरमधून थेट गोठ्यात किंवा सिमेंटच्या अंगणात घ्या. शेजाऱ्याच्या मेंढरांशी कुंपणावरूनसुद्धा अंग घासता येणार नाही अशी जागा हवी.

पाणी आणि वैरण देऊन त्यांना थोडं स्थिरावू द्या. मग एकेक मेंढी हाताखालून घाला: लोकर फाकवून कातडी पाहा, पापणीचा आतला रंग पाहा, शेपटीखाली घाण चिकटली आहे का ते पाहा. वजन करा. अंदाजाने वजन धरलं की औषध कमी पडतं, आणि कमी औषधातून वाचलेले जंतच पुढे डोकेदुखी होतात. औषध पाजताना नळी जिभेच्या मागच्या भागापर्यंत जायला हवी. तोंडात पुढेच ओतलं तर निम्मं बाहेर येतं.

खरजेची रक्ततपासणी करायची असेल तर उपचाराआधी करा (प्रश्न ४). त्यानंतर खरूज, जंत आणि फ्लूक या तिघांवर तीन स्वतंत्र उपचार होतात. एकाचं औषध दुसऱ्याचं काम करेल असं गृहीत धरू नका. विशेषतः डुबकीचा पोटातल्या जंतांवर काडीचाही परिणाम होत नाही. वेगवेगळी औषधं एकाच पिचकारीत मिसळायचीही नाहीत. औषध पाजल्यावर २४ ते ४८ तास मेंढरं अंगणातच ठेवा, म्हणजे आधी तयार झालेली अंडी लेंड्यांतून तिथेच पडून जातील. त्या लेंड्या झाडून कुरणापासून लांब टाका.

४. मेंढी दिसायला ठणठणीत आहे. तिला खरूज असू शकते का?

हो, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. सोरोप्टेस ओव्हिस हा किडा एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो आणि कातडीवर राहतो. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंतचं त्याचं चक्र साधारण दोन आठवड्यांत पुरं होतं. सुरुवातीला अंगावर थोडेच किडे असतात आणि मेंढी खाजवतही नाही. बाजारात उभी असलेली देखणी मेंढी नेमकी याच अवस्थेत असू शकते.

पुढची लक्षणं एकदा नीट पाहिली की विसरत नाहीत. तारेच्या कुंपणावर आणि दगडी बांधावर लोकरीचे पुंजके अडकलेले दिसतात. मेंढी मागच्या पायाने खांदा खाजवते, त्यामुळे तिथली लोकर मळकट आणि ओलसर होते. लोकर फाकवली की पिवळसर खपली दिसते. खपलीची कड ओली आणि लालसर असते, किडे त्या कडेलाच असतात. मधला भाग कोरडा पडलेला असतो. त्या जागेवर बोटांनी चोळलं की मेंढी मान वर करते, ओठ हलवते आणि हवेत चघळल्यासारखं करते. हे दिसलं की खरूज असण्याची दाट शक्यता धरा, पण निदान पशुवैद्याकडूनच करून घ्या. उवांमुळेही मेंढ्या अशाच खाजवतात, आणि एकाचं औषध दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

लक्षणांच्या आधी खरूज पकडायची तर एडिनबराजवळच्या मोरडन संशोधन संस्थेने विकसित केलेली रक्ततपासणी आहे. लागण झाल्यावर साधारण दोन आठवड्यांपासून ती दाखवते. सहसा एका गटातल्या १२ मेंढ्यांचं रक्त घेतात. उपचारानंतरही रक्तातली प्रतिपिंडं काही काळ टिकतात, म्हणून तपासणी आधी आणि औषध नंतर. विकणाऱ्याकडे असतानाच ही तपासणी मागणं सगळ्यात शहाणपणाचं. तो नाही म्हणाला, तर मी तरी ती मेंढरं घेणार नाही.

५. खरजेवर इंजेक्शन द्यावं की डुबकी?

माझं मत स्पष्ट आहे: बेटावर आणायच्या मेंढरांना जमेल तिथे डुबकीच द्या.

इंजेक्शनं आयव्हरमेक्टिन, डोरामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन या एकाच कुळातली. ती सोयीची आहेत, पण २०१८ पासून ब्रिटनमध्ये या औषधांना न जुमानणारे खरजेचे किडे सापडले आहेत. शिवाय हीच औषधं जंतांवरही चालतात. दर वेळी खरजेसाठी वापरली की पोटातल्या जंतांनाही त्यांची सवय होते. चावणाऱ्या उवा तर या इंजेक्शनांनी मरतच नाहीत.

डायझिनॉनच्या डुबकीने खरूज, उवा, केड, गोचीड सगळं आटोक्यात येतं. पण ती नीट व्हायला हवी. मेंढी हौदात पूर्ण एक मिनिट राहिली पाहिजे आणि त्यात तिचं डोकं दोनदा पाण्याखाली गेलं पाहिजे. एक मिनिट घड्याळ लावून मोजा, कारण घाईत तेच वीस-पंचवीस सेकंदांवर येतं. प्रत्येक मेंढी लोकरीत औषध ओढून नेते, म्हणून नुसतं पाणी वाढवून भागत नाही. लेबलवर दिलेल्या प्रमाणात औषधही भरत राहावं लागतं. तहानलेली, दमलेली किंवा पावसात भिजलेली मेंढी हौदात घालू नये.

डायझिनॉन हे ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातलं कीटकनाशक आहे, माणसालाही घातक. ब्रिटनमध्ये ते वापरायला प्रशिक्षणाचा दाखला लागतो आणि उरलेलं पाणी टाकायला परवानगी. ओढ्यात गेलं तर त्यातले जलचर मरतात. म्हणून फिरता हौद घेऊन येणारा प्रशिक्षित ठेकेदार बोलावणं आणि चार-पाच घरांनी मिळून त्याचा दिवस ठरवणं सोयीचं पडतं.

इंजेक्शनच द्यायचं ठरलं तर दोन गोष्टी विसरू नका. काही औषधांचा एक डोस पुरतो आणि काहींचे दोन लागतात. आयव्हरमेक्टिनचे दोन डोस सात दिवसांच्या अंतराने द्यावे लागतात. दुसरी गोष्ट जिवावरची आहे. ज्या मेंढीला आयुष्यात कधीही फूटरॉटची (खुरं कुजण्याच्या रोगाची) लस दिली असेल तिला मॉक्सिडेक्टिनचं इंजेक्शन देऊ नये. तीव्र प्रतिक्रिया येऊन मेंढी दगावू शकते. विकत आणलेल्या मेंढीचा लसीचा इतिहास बहुतेकदा तोंडी असतो, म्हणून विकणाऱ्याला मुद्दाम विचारा. मांसासाठी किती दिवस थांबायचं हेही लेबलवर पाहा.

६. पाठीवर ओतायचं औषध किंवा शॉवर चालत नाही का?

खरजेसाठी नाही. ओतायच्या औषधाने उवा आणि गोचीड जातात, खरूज जात नाही. शॉवरचं पाणी कातडीपर्यंत सगळीकडे पोचत नाही. अर्धवट उपचारात किडे मरत नाहीत, फक्त लक्षणं दबतात, आणि मेंढी निरोगी समजून गायरानात जाते.

७. विकणारा म्हणतो, परवाच जंताचं औषध पाजलंय. मी परत का पाजायचं?

त्याने काय पाजलं आणि ते लागू पडलं का, हे तुम्हाला माहीत नाही. ब्रिटनमध्ये जंताच्या औषधांचे गट रंगाने ओळखतात. पांढऱ्या, पिवळ्या आणि पारदर्शक या तिन्ही जुन्या गटांना दाद न देणारे जंत तिथे ठिकठिकाणी आहेत. तुमच्या बेटावर कदाचित यातली एखादी औषधं अजून चांगली चालत असतील. ही तुमची मोठी ठेव आहे, आणि चार विकतच्या मेंढ्या ती घालवू शकतात.

म्हणून आल्याबरोबर द्यायचं औषध नव्या गटातलं असावं. सध्या नारिंगी गटातलं मोनेपँटेल यासाठी सुचवतात. ते घरच्या कळपाला वर्षभर वापरायचं नाही, मुख्यतः दारात अडवण्यासाठी राखून ठेवायचं. पाजल्यावर १४ दिवसांनी लेंड्या तपासा. त्यात अंडी दिसली तर औषध फसलं, आणि ती मेंढरं पशुवैद्याचं मत घेईपर्यंत जागची हलवायची नाहीत.

८. औषध पाजून झालं. आता कोऱ्या, स्वच्छ कुरणात सोडलं तर उत्तमच ना?

नाही, हे उलट करायला हवं. कितीही चांगलं औषध असलं तरी दोन-चार चिवट जंत जगू शकतात. मेंढरं कोऱ्या कुरणात गेली तर तिथे पडणारी सगळी अंडी त्या चिवट जंतांचीच असतील. पुढच्या हंगामात ते कुरण औषधाला न जुमानणाऱ्या जंतांनी भरेल.

त्याऐवजी तुमची जुनी मेंढरं जिथे नुकतीच चरून गेली, अशा रानात सोडा. तिथे औषधाला बळी पडणारे स्थानिक जंत भरपूर असतात, आणि बाहेरून आलेले थोडे चिवट जंत त्यांच्यात विरून जातात. त्या वेळी जुनी मेंढरं मात्र तिथे नसावीत. विलगीकरण अजून संपलेलं नसतं.

९. लिव्हर फ्लूकसाठी एक डोस पुरे ना?

सहसा नाही. अगदी कोवळ्या फ्लूकवर चालणारं औषध एकच, ट्रायक्लाबेंडाझोल. त्याला न जुमानणारे फ्लूक आता बरेच आहेत. क्लोसँटेल आणि नायट्रॉक्सिनिल थोड्या मोठ्या झालेल्या फ्लूकना मारतात, कोवळे सुटतात. म्हणून पहिल्या उपचारानंतर सुमारे सहा आठवड्यांनी दुसरा द्यावा लागतो. क्लोसँटेलचा डोस जास्त झाला तर मेंढी आंधळी होते, म्हणून इथे वजन करणं अधिकच गरजेचं.

फ्लूक अंडी घालू लागायला दहा ते बारा आठवडे लागतात. त्यामुळे आल्या आल्या केलेली लेंडीतपासणी ‘काही नाही’ म्हणाली तर त्यावर विसंबू नका. फ्लूकला पुढे वाढायला चिखलातली छोटी गोगलगाय, गॅल्बा ट्रंकाटुला, लागते. तेव्हा तपासणी पुरी होईपर्यंत नवी मेंढरं पाणथळ आणि दलदलीच्या तुकड्यात नेऊ नका. पश्चिमेच्या बेटांवर कोरडा तुकडा शोधणं सोपं नाही, पण किनाऱ्याजवळची वाळूमिश्रित जमीन, जिला तिथे मॅचर म्हणतात, पुष्कळदा कामाला येते.

१०. एकूण किती दिवस वेगळं ठेवायचं?

किमान चार आठवडे. त्यात खरजेचं चक्र आणि लेंडीतपासणी दोन्ही बसतात. फ्लूकची शंका असेल तर ओल्या जमिनीची बंदी त्याहून लांबवा (प्रश्न ९). गोठा आणि मेंढरं धरायच्या जागाही लक्षात ठेवा: खरजेचे किडे मेंढीविना सुमारे १५ ते १७ दिवस जगू शकतात. नव्या मेंढरांनी वापरलेली जागा तेवढे दिवस रिकामी ठेवा. लोकर कापायची यंत्रं, अंगातले कोट, ट्रेलरच्या फळ्या, सगळं धुवा.

११. माझ्याकडे वेगळं रानच नाही, सगळं सामाईक गायरान आहे. मग?

तेव्हा एकट्याने आणायची घाई करू नका. तिकडे गायरानाची समिती असते, तिचा एक लिपिक असतो आणि कोणी किती जनावरं सोडायची याचा प्रत्येकाचा हक्क ठरलेला असतो. मेंढरं आणायच्या आधी लिपिकाला सांगा. कधी येणार, कुठून येणार, कुठे ठेवणार, कोणता उपचार होणार, सगळं. एखाद्याच्या घराजवळ बांधलेला तुकडा किंवा रिकामा गोठा चार आठवड्यांसाठी मिळू शकतो, बदल्यात कापणीला हात द्यावा.

सामाईक रानात एका घराने उपचार टाळला तर बाकी सगळ्यांचा खर्च वाया जातो. खरजेचा उपचार एका दिवशी, एका गायरानातल्या प्रत्येक मेंढीला झाला तरच उपयोगी. डोंगरात राहिलेल्या दोन मेंढ्या पुन्हा सगळ्यांना लागण करतात. म्हणून गोळा करण्याच्या दिवशी राहिलेली मेंढरं मोजायची आणि ती सापडेपर्यंत काम संपलं म्हणायचं नाही. शेटलंडने हे काम एकेका घरावर सोडलं नाही. बाहेरून येणाऱ्या जनावरांच्या आरोग्यासाठी तिथे बेटभर योजना आहे.

१२. खरूज सापडली तर कळवणं बंधनकारक आहे का?

स्कॉटलंडमध्ये हो, डिसेंबर २०१० पासून. नुसती शंका आली तरी सरकारी पशुआरोग्य यंत्रणेला कळवावं लागतं. त्यानंतर मेंढरं हलवण्यावर बंधन येतं. लोक बदनामीच्या भीतीने गप्प बसतात. माझी कळकळीची विनंती आहे, गप्प बसू नका. खरूज झालेली मेंढी रात्रंदिवस खाजवते, खात नाही, वाळत जाते आणि उपचाराविना मरू शकते. आणि आपण गप्प राहिलो की शेजाऱ्याच्या मेंढरांनाही तेच भोगावं लागतं.

१३. मेंढरांबरोबर कुत्राही येतोय. त्याचं काय?

कुत्र्यालाही प्राझिक्वांटेल हे पट्टकृमींचं औषध द्या, निघण्याआधी. मेलेल्या मेंढीचं काळीज, फुप्फुस, डोकं कुत्र्याला कच्चं खाऊ घालू नका. कुत्र्याच्या आतड्यातल्या काही पट्टकृमींची अंडी गवतावर पडतात आणि मेंढरांत गाठी करतात. त्यातला हायडॅटिड हा गाठींचा रोग माणसालाही होतो.

हे बेटांवर पूर्वी किती भयानक होतं याचा दाखला आइसलँडचा. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे तिथे हा रोग अभ्यासायला गेले. पुढे त्यांची साध्या भाषेतली पुस्तिका घरोघरी वाटली गेली, कायदे झाले, आणि काही पिढ्यांत रोग गेला. टास्मानियाही अशाच चिकाटीने १९९६ साली हायडॅटिडमुक्त म्हणवण्याइतपत पोचलं.

१४. गोचीड बेटावर आधीच आहे. मग आणलेल्या मेंढरांना वेगळा धोका काय?

मोठा. इथे धोका उलट दिशेने चालतो. गोचीड नसलेल्या भागातून आलेल्या मेंढीच्या अंगात प्रतिकारशक्ती नसते. बेटावरच्या गोचिडांमधून तिला टिक-बोर्न फीव्हर किंवा लूपिंग इल होऊ शकतो. टिक-बोर्न फीव्हरने गाभण मेंढी गाभडते आणि एडका काही काळ निरुपयोगी होतो. ऐन माजाच्या हंगामात महागडा एडका गोचिडाच्या रानात सोडला तर वर्षाचं नुकसान. तो आधी आणा आणि लूपिंग इलबद्दल पशुवैद्याला विचारा.

१५. मी एकच एडका आणतोय. त्याला महिनाभर एकटा ठेवू?

एकटा ठेवला तर तो ओरडतो, खात नाही, कुंपण तोडतो. घरची एक-दोन मेंढरं सोबतीला द्या, पण त्यांचे उपचार आणि मुक्काम एडक्याबरोबरच मोजा.

१६. गाभण मेंढ्या आणू नयेत का?

शक्यतो नको. विण्याच्या आसपास मेंढीची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि लेंडीतून जंतांची अंडी भरमसाट पडू लागतात. शिवाय गाभणपणाच्या शेवटी हौदात घालणं धोक्याचं. उत्तर रोनाल्डसेसारख्या समुद्री शेवाळ खाणाऱ्या जातीची मेंढरं घेत असाल तर तांबं असलेली पूरक औषधं देऊ नका. त्यांना थोडं तांबंही विषासारखं ठरतं.

१७. सगळं केलं तरी रोग येऊ शकतो का?

परजीवी बहुतेक अडतात, सगळे रोग अडत नाहीत. आइसलँडने १९३३ मध्ये जर्मनीतल्या हालेहून २० काराकुल मेंढरं आणली आणि दोन महिने थेर्ने बेटावर वेगळी ठेवली. ती निरोगी दिसली आणि गावोगावी वाटली गेली. त्यांच्याबरोबर मेडी-व्हिस्ना, फुप्फुसाचा कर्करोगासारखा आजार आणि पॅराट्युबरक्युलोसिस असे संथ चालणारे रोग आले. मेडी-व्हिस्ना संपवायला आइसलँडला मोठमोठे कळप कापावे लागले. म्हणून मेडी-व्हिस्नासाठी खरेदीआधीच रक्ततपासणी मागा. महिन्याच्या विलगीकरणात तो दिसणार नाही.

१८. यातलं महाराष्ट्रात काय लागू पडतं?

वेगळं ठेवणं, वजन करणं, लेंडी तपासणं आणि गायरानावर सगळ्यांनी मिळून उपचार करणं, हे जसंच्या तसं. माडग्याळचा एडका जत तालुक्यातून आणा किंवा दख्खनी मेंढ्या बाजारातून घ्या, खांडव्यात मिसळण्याआधी चार आठवडे थांबा. तपशील मात्र बदलतात. आपल्याकडे पावसाळ्यात रक्त पिणारा हिमाँकस जंत जास्त मारतो, त्यात पापणी पांढरी पडते. आणि फ्लूक बहुधा फॅसिओला जायगँटिका, त्याच्या गोगलगायी तळ्याकाठी आणि भातखाचरात. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. औषधं आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच.

१९. विलगीकरण संपायच्या आत नवी मेंढी कुंपण ओलांडून गायरानात गेली. आता काय?

ती परत आणा, पण परत आणून प्रश्न मिटला असं समजू नका. ती कोणत्या मेंढरांत मिसळली ते लगेच लिहून ठेवा आणि त्याच दिवशी लिपिकाला आणि शेजाऱ्यांना सांगा. तिचा खरजेचा उपचार नीट झालेला असेल तर धोका कमी. नसेल, तर त्या गटातल्या १२ मेंढ्यांचं रक्त दोन आठवडे उलटल्यावर तपासून घ्या आणि तोवर त्या गटातलं एकही जनावर विकू नका. नव्या मेंढीची लेंडीतपासणी बाकी असेल तर ती ठरल्या दिवशीच करा. परत आल्यावर ती त्यांच्यात मिसळली नसेल, तर तिच्याबरोबर आणलेल्या मेंढ्यांचे चार आठवडे मात्र आधी ठरले तसेच मोजा. तिचे एकटीचे पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होतात.